बर्फावर बसलेला चुनखडक

चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर घातली की ती दुधाळ होते. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असतो आणि ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो’ एवढा निष्कर्ष वहीत उतरवून पुढच्या प्रयोगाकडे वळलेलो असतो. पण त्या परीक्षानळीत काय घडलं ते जरा थांबून पाहावं. नळीतून आत गेली ती हवा. थोड्या वेळानं तळाशी जो पांढरा साका बसतो ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्याचा चुनखडक बनतो तोच पदार्थ. दोन मिनिटांत हवेचा दगड झाला!

समुद्र हेच काम अब्जावधी वर्षं करत आला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, नद्यांनी वाहून आणलेल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडते आणि चुन्याचा गाळ तळाशी साचत राहतो. कधी शिंपले आणि प्रवाळ हे काम करतात, कधी सूक्ष्मजीवांचे थर, तर कधी पाणीच इतकं संपृक्त होतं की कुणाच्या मदतीशिवाय साका धरतो. त्या गाळात मॅग्नेशियम शिरलं की डोलोमाइट होतो. या सगळ्यांना मिळून कार्बोनेट खडक म्हणतात. आजच्या हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या हजारो पट कार्बन या खडकांत कोंडलेला आहे. म्हणूनच भूवैज्ञानिक डोंगरात फिरताना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली जवळ ठेवतात. खडकावर थेंब टाकताच फसफसून बुडबुडे आले तर तो चुनखडक. ओरखडा काढून भुकटी केल्यावरच हलकेच फसफसला तर डोलोमाइट. त्या बुडबुड्यांतून सुटणारा वायू साठ कोटी वर्षांपूर्वी हवेतून समुद्रात उतरलेला असू शकतो. आजची कुठलीही हिमशिखरं किंवा कुठलंही जंगल इतक्या मागचं काही सांगू शकत नाही. प्राचीन हवामानाबद्दल विचारायचं झालं तर कार्बोनेट खडकाइतका जवळचा साक्षीदार क्वचितच सापडतो.

असाच एक खडक नामिबियाच्या वायव्य भागात आहे, आणि तो जिथं आहे तिथं असायलाच नको होता.

कार्बोनेट गाळाचे जाड थर साधारणपणे उबदार, उथळ समुद्रात साचतात. आजही पाहा: बहामाची बेटं, पर्शियाचं आखात, ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ, आपलं लक्षद्वीप. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त मुरतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुना साचण्याऐवजी विरघळण्याकडे कल राहतो. नामिबियात ओटावी गट या नावानं ओळखले जाणारे असे काही किलोमीटर जाडीचे कार्बोनेट थर आहेत. तिथं कधीकाळी उबदार उथळ समुद्र होता हे त्यावरून उघड आहे. पण या थरांच्या मधोमध एक वेगळाच खडक घुसलेला दिसतो. त्यात बारीक चिखल, वाळू, गोटे आणि माणसाएवढे धोंडे सगळे एकत्र कालवलेले आहेत. नदी असं कधी करत नाही. नदी जड दगड आधी टाकते, वाळू पुढं नेते आणि चिखल मुखापर्यंत पोचवते. ती निवड करते. निवड न करता सगळं सरसकट ओढत नेते ती मुख्यतः हिमनदी. त्या दगडांपैकी काहींवर घासल्याच्या समांतर रेघा आहेत. काही ठिकाणी बारीक थरांच्या गाळात एखादाच मोठा धोंडा रुतलेला आहे आणि त्याच्या भारानं खालचे थर खाली दबलेले आहेत. तरंगत्या हिमखंडाच्या पोटातून सुटून तो समुद्रतळावर पडला, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ लावणं अवघड आहे.

आणि या बर्फाच्या राड्यारोड्यावर, मध्ये काहीही न येता, फिकट गुलाबी-पिवळसर डोलोमाइटचा थर सुरू होतो. हवामान हळूहळू उबदार होत गेल्याचं सांगणारा एकही मधला थर नाही, मधे लोटलेल्या लाखो वर्षांची झीज नाही. सीमा इतकी नेमकी आहे की हाताचा पंजा तिच्यावर ठेवला तर करंगळी हिमयुगात आणि अंगठा उबदार समुद्रात पडेल. या थराला भूवैज्ञानिक ‘कॅप कार्बोनेट’ म्हणतात. ही नामिबियाचीच लहर असती तर एक स्थानिक कोडं म्हणून सोडून देता आलं असतं. पण ऑस्ट्रेलियात, दक्षिण चीनमध्ये, कॅनडाच्या मॅकेंझी पर्वतात, स्वालबार्डमध्ये, मॉरिटानियात, ब्राझीलमध्ये आणि आपल्या हिमालयातही हीच जोडी भेटते: खाली हिमनदीचा गाळ, वर लगेच कार्बोनेट.

हे कोडं सुटायला अनेक दशकं लागली, आणि ज्या पद्धतीनं ते सुटलं त्यानं मी या विषयाच्या प्रेमात पडलो. कुणा एकाकडे पूर्ण उत्तर नव्हतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि आपल्या तुकड्याचं काय करायचं हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

पहिला तुकडा शोधकांचा. अंटार्क्टिकाच्या मोहिमांसाठी गाजलेले डग्लस मॉसन यांना दक्षिण ऑस्ट्रेलियात जुने हिमनदीय थर सापडले आणि त्यांनी जगभर पसरलेल्या हिमयुगाची कल्पना मांडली. पण खंड सरकतात हे पुढे सिद्ध झालं आणि त्यांच्या युक्तिवादातली हवा गेली, कारण ऑस्ट्रेलिया तेव्हा ध्रुवाजवळ असूही शकला असता. केंब्रिजचे ब्रायन हारलँड मात्र स्वालबार्डच्या डोंगरांत वर्षानुवर्षं फिरत होते. हिमनदीच्या गाळाच्या खाली-वर उबदार पाण्यातले कार्बोनेट थर त्यांना दिसत होते. १९६४ साली मार्टिन रुडविक यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी स्पष्ट म्हटलं की हे हिमयुग उष्ण कटिबंधापर्यंत पोचलं होतं. फार थोड्यांना ते पटलं.

खंड सरकतात, मग तो खडक बनला तेव्हा कुठल्या अक्षांशावर होता हे कसं कळावं? यासाठी दगडातलं चुंबकत्व उपयोगी पडतं. गाळ साचताना त्यातले लोहयुक्त कण होकायंत्राच्या काट्यासारखे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं वळतात आणि गाळाचा खडक होताना तसेच थिजतात. ध्रुवाजवळ ही दिशा जमिनीत जवळजवळ उभी घुसते, विषुववृत्ताजवळ ती आडवी असते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना या हिमनदीय थरांत ती जवळजवळ आडवी निघाली. शंका अशी होती की हे चुंबकत्व खूप नंतर, खडक पुन्हा तापल्यावर आलेलं असेल. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉन समनर, जोसेफ कर्शविंक आणि ब्रूस रनेगर यांनी त्या थरांतली एक छोटीशी वळी तपासली. ती चिखल ओला असतानाच पडली होती, आणि चुंबकत्वाची दिशाही वळीबरोबर वळलेली होती. म्हणजे चुंबकत्व चिखलाच्याच वयाचं. समुद्रसपाटीला, विषुववृत्ताच्या आसपास, हिमनद्या होत्या. इतका साधा आणि इतका निर्णायक पुरावा भूशास्त्रात वारंवार मिळत नाही.

दुसरा तुकडा लेनिनग्राडमध्ये होता. मिखाइल बुदिको हे हवामानाचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ. खडकांशी त्यांचा संबंध नव्हता. ताजं बर्फ त्याच्यावर पडणारा बहुतेक सूर्यप्रकाश परत फेकतं, उघडा समुद्र त्यातला बहुतेक पिऊन टाकतो. म्हणून बर्फ वाढलं की पृथ्वी थंड होते, थंड झाली की बर्फ आणखी वाढतं. १९६९ साली बुदिकोंनी हे गणित मांडलं तेव्हा त्यातून एक भयंकर गोष्ट निघाली. बर्फ ध्रुवांकडून सरकत ठरावीक अक्षांशाच्या पलीकडे आलं (आजची बरीच गणितं हा उंबरठा ३० अंशांच्या आसपास दाखवतात) की मग त्याला थांबवणारं काही उरत नाही. ते विषुववृत्तावर दोन्हीकडून येऊन मिळतं. आणि एकदा मिळालं की पांढरी झालेली पृथ्वी सूर्याची ऊब इतकी परतवून लावते की ती पुन्हा वितळण्याची शक्यताच गणितात दिसत नाही. बुदिकोंनी निष्कर्ष काढला तो अगदी समंजस होता: असं कधी घडलं नसणार. घडलं असतं तर पृथ्वी अजून गोठलेली असती आणि हे गणित करायला कुणी नसतं.

हारलँडकडे खडकांचा पुरावा होता पण कारण नव्हतं. बुदिकोंकडे कारण होतं पण त्यातून सुटकेची वाट नव्हती.

ती वाट पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. सह्याद्रीत पावसात उभं राहिलं तरी पुरे. पावसाचा थेंब हवेतून येताना कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो आणि सौम्य कार्बोनिक आम्ल होतो. मातीतून झिरपताना त्यात आणखी भर पडते. हे आम्ल काळ्या कातळाला, म्हणजे आपल्या बेसॉल्टला, सावकाश कुरतडतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटून गोदावरी-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं आणि शेवटी कुठल्या तरी समुद्रात कार्बोनेट होऊन बसतं. थोडं वाटेतच अडकतं: विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे त्याच प्रक्रियेतले. कोकणातला जांभा म्हणजे पावसानं बेसॉल्टातलं विरघळणारं सगळं धुऊन नेल्यावर मागं उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. हवेतला कार्बन डायऑक्साइड दगडात घालण्याचा हा कारखाना दख्खनवर साडेसहा कोटी वर्षं चालू आहे. दुसऱ्या बाजूनं ज्वालामुखी नवा वायू हवेत सोडत राहतात. पृथ्वी तापली की पाऊस आणि झीज वाढते, वायू जास्त खर्च होतो, ती निवते. थंड झाली की झीज मंदावते, वायू साठतो, ती पुन्हा तापते. १९८१ साली वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी हे संतुलन मांडलं. आपला ग्रह इतका काळ राहण्याजोगा का राहिला याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे.

आता पृथ्वी पूर्ण गोठली असं धरा. पाऊस बंद. खडक बर्फाखाली. झीज जवळजवळ थांबलेली. पण ज्वालामुखींना वरच्या बर्फाशी काय देणंघेणं? ते धुमसतच राहणार. वायू येत राहील आणि त्याला दगडात घालणारं कुणी नसेल. लाखो वर्षं तो साठत जाईल, आणि एक दिवस त्याची ऊब बर्फाच्या परावर्तनावर मात करेल. हा विचार मांडला कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जोसेफ कर्शविंक यांनी, १९९२ साली, १३०० पानांहून मोठ्या ग्रंथातल्या जेमतेम दोन पानांच्या टिपणात. ‘स्नोबॉल अर्थ’ हे नावही त्यांचंच. या टिपणानं आणखी एक जुनं कोडं उलगडलं. लोहखनिजाचे पट्टेदार थर अब्जाहून जास्त वर्षं पृथ्वीवर बनणं बंद झालं होतं, ते याच हिमयुगात अचानक पुन्हा का दिसतात? झाकलेल्या समुद्राला ऑक्सिजन मिळेनासा झाला, तळच्या उष्ण झऱ्यांमधलं लोह पाण्यात विरघळून साठलं आणि ऑक्सिजन परतताच गंजून खाली बसलं. दोन पानांत एवढं! वितळण्यासाठी किती वायू लागेल याचा हिशेब केन कॅल्डेरा आणि जेम्स कास्टिंग यांनी त्याच वर्षी केला: आजच्या सुमारे ३५० पट.

एवढं होऊनही कल्पना बरीचशी कागदावर राहिली. तिला डोंगरात नेलं ते पॉल हॉफमन यांनी.

हॉफमन कॅनडाचे. तारुण्यातले धावपटू, १९६४च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ते नववे आले होते. पुढची कित्येक वर्षं त्यांनी कॅनडाच्या उत्तरेतल्या निर्जन प्रदेशात अतिप्राचीन खडकांचे नकाशे करण्यात घालवली. १९९३ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ते नामिबियात काम करू लागले आणि नंतर हार्वर्डचे प्राध्यापक झाले. नामिबियाचा तो भाग जवळजवळ वाळवंट आहे. झाडझाडोरा नसल्यानं खडक उघडे पडलेले आहेत आणि एकच सीमा शेकडो किलोमीटर पायी अनुसरता येते. हॉफमननी तेच केलं. हंगामामागून हंगाम ते विद्यार्थ्यांना घेऊन त्या सीमेवरून चालले, थर मोजले, आणि ठरावीक अंतरावर कार्बोनेटचे तुकडे गोळा केले.

त्या तुकड्यांत ते काय शोधत होते? कार्बनच्या अणूंचे दोन स्थिर प्रकार आहेत: शंभरात जवळजवळ ९९ हलके, कार्बन-१२, आणि उरलेला एखादा किंचित जड, कार्बन-१३. शैवाल आणि वनस्पती प्रकाशसंश्लेषणात हलक्या कार्बनला पसंती देतात. समुद्रात जीवसृष्टी भरात असेल आणि तिचे अवशेष तळाशी पुरले जात असतील, तर हलका कार्बन त्यांच्याबरोबर जातो आणि पाण्यात जड कार्बनचं प्रमाण वाढतं. त्या पाण्यात साचणारा चुनखडक हे प्रमाण जसंच्या तसं नोंदवून ठेवतो. नामिबियाच्या हिमनदीय थरांच्या बऱ्याच खालच्या कार्बोनेटमध्ये जड कार्बन नेहमीपेक्षा हजारी पाचाहून अधिक होता. बर्फाच्या तोंडावर तो घसरू लागतो, आणि कॅप कार्बोनेटमध्ये नेहमीपेक्षा हजारी पाचाच्या आसपास कमी भरतो. ज्वालामुखीतून येणाऱ्या कच्च्या वायूचं प्रमाण जवळपास तेच असतं. हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ लावला की समुद्रातलं प्रकाशसंश्लेषण फार मोठ्या प्रमाणात मंदावलं होतं. (आज हे वाचन इतकं सरळ मानलं जात नाही. घसरण बर्फ येण्याआधीच सुरू झाली होती, त्यामुळे तिच्यामागे आणखी काही कारणं असली पाहिजेत.)

खरा उलगडा मात्र कॅप कार्बोनेटचाच होता. त्या डोलोमाइटकडे पाहण्याची दृष्टी भू-रसायनज्ञ डॅनियल श्रॅग यांच्याबरोबरच्या चर्चांतून आली. कर्शविंक यांच्या म्हणण्याप्रमाणे बर्फ सुटताना हवेत शेकडो पट कार्बन डायऑक्साइड असेल, तर पुढं काय व्हायला हवं? बर्फ वितळायला लागताच काळा समुद्र उघडा पडतो आणि बुदिकोंचं चक्र उलटं फिरू लागतं. भूशास्त्राच्या मापानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, म्हणजे काही हजार वर्षांत, गोठलेला ग्रह भट्टी होतो. उकाड्यात प्रचंड बाष्प उठतं आणि कार्बोनिक आम्लाचा पाऊस कोसळू लागतो. तो पडतो कशावर? हिमनद्यांनी लाखो वर्षं खंड घासून केलेल्या पिठावर. दगडाचं ते पीठ झपाट्यानं विरघळतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा लोंढा समुद्रात येतो, आणि हवेतला जादा कार्बन त्याच्याबरोबर गाळ होऊन खाली बसू लागतो. चुन्याच्या निवळीचा प्रयोग अख्ख्या महासागरात, एकाच वेळी, सगळ्या खंडांच्या किनाऱ्यांवर.

म्हणजे तो खडक चुकीच्या जागी नव्हताच. बर्फ हटण्यासाठी लागलेला वायूच तो. बर्फ हटल्यावर दगड झालेला. हिमनदीच्या गाळावर त्यानं न थांबता, न रेंगाळता येऊन बसायलाच हवं होतं. ज्या विसंगतीमुळे पिढ्यान् पिढ्या भूवैज्ञानिक या हिमयुगाबद्दल साशंक राहिले, तीच त्याची सर्वांत बळकट साक्ष निघाली. ऑगस्ट १९९८ मध्ये पॉल हॉफमन, ॲलन जे कॉफमन, गॅलन हॅल्वरसन आणि डॅनियल श्रॅग यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि भूशास्त्रात वादळ उठलं.

वादळ उठायलाच हवं होतं. दावा मोठा होता. काहींनी म्हटलं, कार्बोनेटसाठी समुद्रतळातून सुटलेला मिथेन वायू पुरेसा आहे. काहींनी संगणकावर अशी पृथ्वी उभी केली जिच्या विषुववृत्तावर उघड्या पाण्याचा पट्टा शिल्लक होता. जीवसृष्टी कशी तगली हे त्यानं सोपं होतं. हिमनदीय थरांत वाहत्या पाण्याच्या खुणा आहेत, मग सगळं गोठलं होतं कसं, असाही सवाल आला. समुद्र संपूर्ण झाकला होता की नाही यावर अजून एकमत नाही. कॅप कार्बोनेटमध्ये दिसणाऱ्या राक्षसी लाटांच्या ठशांवरून फिलिप ॲलन आणि हॉफमन यांनी २००५ साली असं सुचवलं की बर्फ सुटल्यानंतर समुद्रावर सतत झंझावाती वारे वाहत होते. यावरही वाद आहेच. त्याच थरांत तळातून पंख्यासारखे वर वाढत गेलेले स्फटिक दिसतात. पाणी कार्बोनेटनं इतकं भरून गेलं होतं की स्फटिकांना गाळाखाली गाडलं जाण्याआधी वाढायला सवड मिळाली. हे ठसे आणि हे स्फटिक पाहिले की त्या समुद्राच्या काठी उभं राहावंसं वाटतं आणि तो उकाडा आठवून नकोसंही होतं.

पण मूळ कल्पनेचे दोन भाकीतवजा दावे नंतर तपासले गेले आणि टिकले, आणि माझ्या मते इथं पारडं झुकतं. पहिला दावा कार्बन डायऑक्साइडचा. हवेत तो भरपूर असेल तर उंचावरच्या ओझोनच्या रसायनामुळे ऑक्सिजनच्या दुर्मिळ अणूंचं, ऑक्सिजन-१७चं, प्रमाण बदलतं, आणि त्या ऑक्सिजनपासून बनलेल्या सल्फेट खनिजांत तो बदल उमटतो. हुइमिंग बाओ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दक्षिण चीनच्या कॅप कार्बोनेटमधल्या बॅराइटमध्ये तो बदल मोजला. हवेत कार्बन डायऑक्साइड खरोखरच विलक्षण जास्त होता. दुसरा दावा काळाचा. सगळी पृथ्वी गोठली असेल तर सगळीकडचं बर्फ जवळजवळ एकाच वेळी यायला आणि एकाच वेळी जायला हवं. ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन स्फटिकांचं वय युरेनियम-शिशाच्या पद्धतीनं काढता येतं. त्यातून दोन गोठणी स्पष्ट झाल्या: पहिली, स्टर्टियन, सुमारे ७१.७ कोटी ते ६६ कोटी वर्षांपूर्वी. मग एक-दोन कोटी वर्षांची उघडीप. नंतरची मॅरिनोअन, जी ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपली. नामिबियातल्या राखेचं आणि चीनमधल्या राखेचं वय या शेवटच्या तारखेबाबत जुळतं. पहिली गोठण साडेपाच कोटी वर्षांहून लांबली! डायनॉसॉर नष्ट झाल्यापासून आजपर्यंतचा काळ याहून फार मोठा नाही.

नामिबियातल्या ज्या कॅप कार्बोनेटच्या सीमेवरून हॉफमन चालले, त्याच काळातली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स पर्वतरांगांतली सीमा २००४ साली आंतरराष्ट्रीय मान्यतेनं एका नव्या कालखंडाचा, एडिआकरन कालखंडाचा, आरंभबिंदू ठरली. त्या आधीच्या गोठलेल्या कालखंडाचं नाव क्रायोजेनियन. एडिआकरनमध्येच डोळ्यांना दिसतील एवढे मोठे, मऊ शरीराचे जीव पहिल्यांदा समुद्रतळावर पसरले. बर्फाचा आणि त्यांचा संबंध काय, हा प्रश्न आजही संशोधकांना झोपू देत नाही.

आपल्या देशातही हे पान आहे. हिमाचलमध्ये सोलनजवळ ब्लैनी नावाच्या प्रवाहावरून ओळखले जाणारे थर आहेत: खाली चिखलात कालवलेले धोंडे, वर काही मीटर जाडीचा गुलाबी डोलोमाइट. ब्रिटिश काळातच भूवैज्ञानिकांना त्या धोंड्यांत हिमनदीचा हात दिसला होता. आज हा डोलोमाइट मॅरिनोअननंतरच्या कॅप कार्बोनेटशी जोडला जातो. त्याच्याही वर क्रोल गटाचे जाड चुनखडक आणि डोलोमाइट येतात; मसुरीचे आणि नैनीतालचे डोंगर बऱ्याच अंशी त्यांचेच. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आणि जपानच्या निईगाता विद्यापीठाच्या संशोधकांनी हिमालयातल्या मॅग्नेसाइट या कार्बोनेट खनिजाच्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब सापडल्याचं जाहीर केलं: सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं पाणी. त्यांच्या मते गोठलेल्या काळात नद्या आटल्यानं त्या समुद्राला कॅल्शियमचा पुरवठा फार काळ तोकडा पडला, म्हणून मॅग्नेशियमनं जागा घेतली.

मसुरीच्या याच चुनखडकाच्या खाणींनी डोंगर पोखरले होते. डून खोऱ्यातल्या अनेक खाणी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद झाल्या. जंगल, झरे आणि शेती वाचवण्यासाठी लोकांनी तो लढा दिला. त्यात प्राचीन हवामानाची वहीही काही प्रमाणात वाचली, हे तेव्हा फारसं कुणाच्या मनात नसेल. इतर ठिकाणी ती अजून चुनाभट्ट्यांत आणि सिमेंटच्या कारखान्यांत जाते, आणि दगडात कोट्यवधी वर्षं कोंडलेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या धुरांड्यांतून पुन्हा हवेत जातो. म्हणून भूशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक विनंती आहे. कालका-सिमला रस्त्यानं जाल तेव्हा सोलनला एक दिवस काढा, जाणत्या माणसाला बरोबर घ्या आणि ब्लैनीची ती सीमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. हातोडा मात्र तिच्यावर चालवू नका. पुढच्या पिढीकडे आपल्याहून चांगली उपकरणं असतील, त्यांना तो दगड जागेवर लागेल.